शिंपीणकाकूंचा धरणीकंप

आमच्या लहानपणी खेळण्यांचा कारखाना म्हणजे शिंपीणकाकूंचं दुकान! दोऱ्याचं लाकडी रीळ रिकामं झालं की त्यातून रबर ओवायचं. एका बाजूला काडेपेटीच्या काडीचा तुकडा, दुसऱ्या बाजूला मेणाची चकती आणि एक लांब काडी. काडी फिरवून रबराला पीळ भरला आणि जमिनीवर ठेवलं, की रीळ आपलं आपण खुरडत निघायचं. चढसुद्धा चढायचं! रणगाडाच म्हणा ना.

अडचण एकच, रीळ संपायला हवं. आणि काकू तर एक टाका जास्त घालतील तर शपथ! आम्ही उंबऱ्यावर बसून रिळाकडे टक लावायचो. त्या ओरडायच्या, "मेल्यांनो, नजर लावून दोरा संपत नसतो!"

त्या सुट्टीत वाण्याच्या ढब्ब्याने माझे सगळे रणगाडे जिंकून नेले. हरणाऱ्याचं रीळ जिंकणाऱ्याला, असा आमचा कायदा. शेवटच्या दिवशी पैज ठरली: जिंकलो तर सगळी रिळं परत. काकूंच्या पायरीला टेकवलेल्या फळीवरून आधी वर पोचेल तो जिंकला. पण माझ्याकडे रणगाडाच नव्हता!

दुपारी काकूंकडे गेलो. मशीनवर आमच्या शाळेतल्या मास्तरांचा कोट, रिळावर बराच दोरा.

"काकू, संपेल का हो?"

"कोट होत आलाय. उरेल की."

माझं तोंड एवढंसं झालं. काकूंनी ते चष्म्यावरून पाहिलं, आणि मग पॅडल असं काही हाणलं म्हणता! बगलेत शिलाई, शिलाईवर शिलाई, तिच्यावर आणखी एक. शेवटी मोकळं रीळ माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "जा. आणि हरून आलास तर दारात उभा करणार नाही!"

संध्याकाळी मास्तर कोट घालून बघायला आले.

"काकू, एवढी शिलाई? कोट आहे की तंबू?"

"फळ्यावर हात फार उंच नेता तुम्ही. बगला उसवतात. हलू नका!" म्हणत काकूंनी तोंडात टाचण्या धरल्या आणि बाहीची कड टाचायला घेतली.

तेवढ्यात बाहेर रणगाडे सुटले. माझा पुढे! पोरांनी गल्ली डोक्यावर घेतली. अगदी वर पोचला आणि फळी नि पायरीच्या फटीत त्याची काडी अडकली. मागून ढब्ब्याचा खुरडत येतोय. हात लावायला बंदी. काकू बाही सोडून दारात आल्या. तोंडात टाचण्या, ओरडणार कशा? नुसतं "हूं! हूं!" शेवटी न राहवून त्यांनी पायरीवर धाडकन पाय आपटला. फळी उसळली, काडी सुटली आणि माझा रणगाडा टुणकन पायरीवर!

"लबाडी! काकूंनी पाय आपटला!" ढब्ब्या किंचाळला.

सगळे काकूंच्या मागोमाग बाहेर आलेल्या मास्तरांकडे वळले. एका बाहीला टाचण्या लोंबत असलेले मास्तर गंभीरपणे म्हणाले, "रणगाड्याला कुणी हात लावला का?"

"नाही, पण..."

"मग हा धरणीकंप. युद्धात व्हायचाच." आणि त्यांनी माझा हात धरून आपल्या हातासकट उंच, अगदी उंच नेला.

काकूंनी टाचण्या हातात काढल्या आणि आधी मास्तरांची बगल पाहिली. टाका हलला नव्हता.

"बघा!" त्या म्हणाल्या, "उगाच घातली होती का शिलाई?"