सायकलचा रंग उतरेना

मिल बंद झाली तेव्हा बाबांकडे दोनच गोष्टी उरल्या: एक काळी जेंट्स सायकल आणि रंगाची नजर. सायकल त्यांनी मला दिली. नजरेचं काय करायचं ते घरात कुणालाच सुचत नव्हतं.

बाबा मिलच्या रंगखात्यात होते. कापडाचा तुकडा दारातल्या उजेडात धरायचा, नमुन्याशी ताडून बघायचा आणि म्हणायचं, "पास." त्यांनी पास म्हटल्याशिवाय माल पुढे सरकत नसे. आता सहा महिने त्यांना रंगाबद्दल कुणी अवाक्षर विचारलं नव्हतं. ते खुर्चीत बसून तोच पेपर पुन्हा पुन्हा वाचत आणि शेजारी ठेवलेला चहा गार होऊन जाई.

मला पोलोग्राउंडला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिंगची नोकरी लागली होती. येत्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. इंदूरच्या रस्त्यांवर पोरी लाल-गुलाबी मोपेडवरून भुर्रकन जायला लागल्या होत्या, आणि मी जाणार दूधवाल्यासारख्या सायकलीवर! "मी नाही जाणार या काळ्या रेड्यावर," मी फणकारले.

बाबांनी पेपर खाली ठेवला. "बोल, कोणता रंग पाहिजे?"

मी माझी नवी सुती अस्मानी ओढणी दाखवली. त्यांनी कात्री घेऊन तिचा कोपराच कापला. नमुना म्हणून! मी किंचाळले, तर आई माझ्यावरच डाफरली. कारण बाबा चप्पल घालून सियागंजला रंग आणायला निघाले होते, आणि कितीतरी दिवसांनी निघाले होते.

मग घरभर टर्पेंटाइनचा वास. चाकं, चेन, सीट सगळं काढून ठेवलं. जुना काळा रंग रेगमालाच्या खरखरीत कागदाने घासायचं काम माझ्याकडे; नखं गेली, हात गेले, हौस मात्र गेली नाही. घासलेला सांगाडा पाळण्याच्या कडीला टांगला आणि त्याला अस्तराचा लाल हात दिला. बुधवारी बाबा डब्यात निळा आणि पांढरा कालवायला बसले. कापलेला कोपरा सारखा डब्याशी धरून बघत होते.

"बाबा, फार गहरा झाला हो. अजून सफेद टाका ना."

"तुला काय समजतं? गीला रंग गहराच दिसतो. सुकला की एक शेड उतरतो. देखना तू."

गुरुवारी सांगाड्यावर लावलेला रंग उतरला नव्हता. "अजून गीला आहे," बाबा म्हणाले. शुक्रवारी म्हणाले, "हवेत नमी आहे." शनिवारी आईने हळूच बोट लावून पाहिलं. ते कोरडं ठणठणीत निघालं. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. कापड सुकताना फिकं होतं, म्हणून बाबा रंग मुद्दाम एक शेड गडद ठेवत. जन्मभर तेच केलं होतं. लोखंडावरचा ऑइल पेंट मात्र लावला तसाच बसतो. माझी अस्मानी सायकल दौतीतल्या शाईच्या रंगाची झाली होती.

रविवारी सकाळी बाबांनी स्वतःच सांगाड्यावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले. "नजर गेली माझी," ते म्हणाले आणि खुर्चीकडे वळले.

मला त्या खुर्चीची भीती वाटली. आता बसले तर उठायचे नाहीत, असं वाटलं. मी तोंडाला येईल ते बोलले. "बाबा, सायकल राहू दे. ही ओढणीच तिला मॅच नाही करत. ती सायकलसारखी करून द्या. मला उद्या घालायची आहे."

ते थांबले. "पातेलं कोणतं देशील?" त्यांनी आईला विचारलं.

आईने विचारही न करता चांगलं पातेलं पुढे केलं. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगाच्या पुड्या आणल्या. बाबांनी उकळत्या पाण्यात मीठ टाकलं, रंग थोडा थोडा सोडला, काठीने ओढणी उलटीपालटी करत राहिले. मध्येच टोक उचलून दारात जात, सायकलीकडे बघत, परत येत. शेवटी बाहेर काढली तेव्हा मी ओरडलेच. "बाबा, ही तर सायकलीपेक्षा काळी झाली!"

"गीली आहे," ते म्हणाले.

ओढणी तारेवर वाळत होती तोवर बाबांनी सायकल जोडली, नट आवळले, घंटी वाजवून पाहिली. तारेकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं ते मी, दर पाच मिनिटांनी.

दुपारी त्यांनी ओढणी काढली, सायकल दारातल्या उजेडात आणली आणि ओढणी दांड्यावर टाकली. कापड कुठे संपतं आणि लोखंड कुठे सुरू होतं, ते मला सांगता येईना. बाबा वाकून बघत राहिले.

"पास," बाबा म्हणाले.

मला रडू फुटलं, इतकं बरं वाटलं. आईने चहा आणून ठेवला, आणि तो त्यांनी गरम गरम प्यायला.