नग्न की मग्न

वर्णन: स्त्री, वय छप्पन्न, बांधा सडपातळ, चष्मा जाड. हुद्दा: मुद्रितशोधक, रविवार पुरवणी. ओळखीची खूण: उजव्या तर्जनीवर लाल शाईचा डाग, साबणाला न जुमानणारा. कचेरीतले प्रचलित नाव: वेलांटीबाई. अधिकार: शेवटच्या प्रुफावर सही, त्या सहीशिवाय पान छपाईला जात नाही. पूर्वीचे गुन्हे: निरंक. बुधवारी दुपारी एक घडला.

त्या आठवड्यात पुरवणीच्या चित्रपट-समीक्षकांनी आपल्या सदरात एका विनोदी चित्रपटावर लिहिलं होतं. काळ जुना, टोप आणि झगे यांचा. एक चित्रकार नगरसभेच्या भिंतीसाठी ‘सद्गुण’ नावाचं चित्र काढतो, आणि सद्गुणाला कपडे घालायचे की नाहीत यावर गावातले प्रतिष्ठित हमरीतुमरीवर येतात, अशी गोष्ट. समीक्षकांना चित्रपट बेहद्द आवडला होता. त्यांचं वाक्य होतं: ‘नायिका पाऊण चित्रपट नग्न बसून आहे, आणि ओशाळतात ते भोवतालचे प्रतिष्ठित.’

असला शब्द बाईंच्या पुरवणीत बावीस वर्षांत आला नव्हता. तेव्हा ही टंकलेखनातली चूकच असणार. मूळ हस्तलिखित न उघडता बाईंनी ‘न’ खोडून ‘म’ केला आणि सही ठोकली.

सोमवारी सकाळी मोठ्या जाऊबाई चपलांसकट घरात शिरल्या. परीक्षण वाचून त्या आपलं अख्खं वाचनमंडळ, नऊ बायका, घेऊन गेल्या होत्या. ‘फक्त प्रौढांसाठी’ अशी पाटी दारावर होती. पण सगळ्या साठीपुढच्या, त्यांना तो आदराचा भाग वाटला.

“तुझ्या पेपरात मग्न छापलंय.”

“चित्रकलेत मग्न, ताई.”

“अगं, अंगावर सूतभर नाही त्या बाईच्या.”

मग मध्येच उठून का नाही आलात, असं बाईंनी विचारलं.

“पुढे काय होतं ते बघायला नको?” जाऊबाई म्हणाल्या आणि तेव्हा कुठे चपला काढायला गेल्या.

कचेरीत फोन थांबत नव्हते. समीक्षक आंधळे आहेत की लबाड, असं एकाने विचारलं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सोज्ज्वळ भाषेबद्दल अभिनंदन कळवलं. चित्रपट त्यांनी पाहिला नव्हता. संपादकांचं मत झालं की समीक्षकांनी सभ्य वाचकांची मुद्दाम थट्टा केली. समीक्षकांचं मत, की संपादकांनी घाबरून शब्द सोवळा केला. दोघांचा अबोला. समीक्षकांचं अकरा वर्षांचं सदर या रविवारपासून बंद, असं ठरलं. शब्द प्रुफात बदलला असेल, असं कुणीतरी सुचवताच दोघेही एका सुरात म्हणाले, “वेलांटीबाईंच्या हातून? शक्यच नाही.”

बाईंना सगळ्यात जास्त धक्का या वाक्याचा बसला. प्रुफांचा गठ्ठा महिनाभर ठेवायची पद्धत होती. त्यांनी तो सोडून पाहिला. ‘म’ लाल होता, टपोरा होता आणि त्यांचाच होता.

मंगळवारी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि दुपारच्या खेळाला एकट्या जाऊन बसल्या. आशा एवढीच, की पडद्यावरची बाई निदान कशात तरी गुंग असेल, तर शब्दाचं समर्थन करता येईल.

बाई गुंग होती. मांडीवर पुस्तक, पोटाला चांगली वळी, पान उलटताना बोट जिभेला. तिच्याभोवती सात टोपधारी खांद्याच्या नैतिकतेवर वाद घालत होते आणि ती मान वर करत नव्हती. एका टोपधाऱ्याने तिला झाकायला स्वतःचा झगा काढला, तेव्हा तिच्याहून तोच उघडा दिसला. थिएटर खदखदून हसलं. त्यात आपलाही आवाज आहे हे कळायला बाईंना एक क्षण लागला. त्यांनी पदर तोंडाशी धरला, पण हसू आवरेना. असल्या सिनेमाला, चारचौघांत, आपण?

बुधवारी सकाळी संपादकांच्या टेबलावर खुलासा होता, शेजारी ते प्रूफ.

‘विषय: मागील रविवारच्या अंकातील शब्दबदल. सदर नायिकेची निम्नस्वाक्षरीकर्तीने समक्ष पडताळणी केली असता ती नग्न तसेच मग्न आढळली. व्याकरणदृष्ट्या दोन्ही पाठ शुद्ध आहेत. तथापि, लेखकाने पहिला लिहिला होता. चूक माझी आहे.’

संपादकांनी खुलासा दोनदा वाचला. “हे पाहायला गेला होतात तुम्ही?” एवढंच ते म्हणाले.

समीक्षकांचं सदर चालू राहिलं. शेवटच्या प्रुफावर आता दुसऱ्याची सही असते.