पन्नासावा निरोगी माणूस

पद्माकर भारी नीटनेटका माणूस. दिल्लीतल्या एका मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो वीस वर्षं हृदयाचे आलेख काढत होता. एखादी रेघ पुसट उमटली तरी त्याला जेवण गोड लागायचं नाही. अशा माणसाच्या हातून कसली चूक होणार? झाली, आणि नीटनेटकेपणापायीच झाली.

अठ्ठ्याण्णव साली त्याच्या विभागप्रमुखांनी मोठी वैद्यकीय परिषद भरवली. विषय होता, उपचाराच्या केंद्रस्थानी माणूस. तिथे पन्नास निरोगी माणसांचे आलेख दाखवायचे होते. पद्माकरने एकोणपन्नास जमवले आणि गाडं अडलं. दिल्लीच्याच द्वारका भागात त्याच्या नव्या सोसायटीच्या फाटकावर गुलाबराव पहारा करायचा. साताऱ्याकडचा, फौजेतून निवृत्त झालेला, अंगाने दणकट. पद्माकर त्याला स्कूटरवर बसवून घेऊन गेला.

दोन पायऱ्यांवर चढ-उतार करवून आलेख काढला, तर रेघ खाली झुकलेली. पुन्हा काढला, पुन्हा तेच. याचा अर्थ हृदयाला रक्त कमी पडतंय, हे पद्माकर पुरतं ओळखून होता. पण स्लाइड शुक्रवारपर्यंत द्यायच्या होत्या आणि आता नवा माणूस कुठून आणायचा? त्याने कागद चुरगळून टोपलीत टाकला आणि त्या जागी स्वतःचाच आलेख लावला.

"ठीक आहे ना, साहेब?" शर्टाची बटणं लावत गुलाबरावने विचारलं.

"एकदम बढिया," पद्माकर म्हणाला. परिषद आटोपली की निवांत सांगू, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

परिषदेला पंधरा दिवस उरले असताना गुलाबराव फाटकापाशीच कोसळला आणि गेला.

परिषद मात्र थाटात पार पडली. पन्नास आलेखांना टाळ्या मिळाल्या. प्रमुखांनी नाव घेतलं तेव्हा पद्माकरला उभं राहावं लागलं. शरमेने त्याची मान वर होईना. लोकांना तो विनय वाटला.

घरी आला तर गुलाबरावची बायको विठाबाई दाराशी थांबली होती. दिवस उरकून ती गावी निघाली होती, आणि आभार मानायला आली होती. गुलाबरावच्या छातीत कळ यायची. डॉक्टरकडे चला, म्हणून ती मागे लागायची. पद्माकरसाहेबांनी मशीन लावून बघितलंय, असं म्हणून तो तिला गप्प करायचा.

"तो कागद असला तर द्या, भाऊ," ती म्हणाली. "पोराला दाखवीन. बापाचं काळीज चांगलं होतं म्हणून."

हरवला म्हटलं असतं तर वेळ निभावली असती. पद्माकरच्या ते ओठांपर्यंत आलंही होतं.

"वहिनी, कागद चांगला नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं. मी तो फेकून दिला."

विठाबाईने हातातली पिशवी खाली ठेवली. "मग त्यांना सांगितलं का नाही?"

"मला पन्नासावा निरोगी माणूस हवा होता."

तिने खाली ठेवलेली पिशवी उचलली आणि जिना उतरू लागली. निघताना ती 'येते' म्हणाली नाही.