भरलेलं पोतं, भुशाचं पोतं

किरुंदाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. त्या वेळी युगांडातल्या जिंजाच्या बाजारात मटोकेचे ट्रक लागायचे. हिरव्या केळ्यांचे घड अंधारातच उतरवावे लागतात. ऊन चढलं की घड तापतात आणि व्यापारी भाव पाडतो. किरुंदा ट्रकच्या आधी हजर असायचा. उशिरा येणाऱ्याला तो बोलायचा नाही. त्याच्या वाटचा घड स्वतः उचलून ठेवायचा. त्याची लाज शिवीपेक्षा जास्त वाटायची.

माझे गुडघे जाईपर्यंत मी त्याच्या मागोमाग ओझी वाहिली.

ट्रकपासून गोदामापर्यंत एक चढ आहे. आम्हा हमालांचा नियम होता की चढावर पोतं खाली ठेवायचं नाही. झेपत नसेल तर आधी सांगायचं, कुणीतरी खांदा देतो. न सांगता टाकलं तर मागून येणारा अडकतो, घसरतो आणि पाठ मोडून घेतो. अशा माणसाला त्या ट्रकची मजुरी आम्हीच मिळू द्यायचो नाही. हा नियम सगळे पाळायचे. किरुंदा त्याच्यावर जगायचा.

दुपारी काम सुटलं की तो अंघोळ करायचा, पोशो म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि घेवडा खायचा आणि नांगोबीबाईच्या व्हिडिओ हॉलमध्ये जाऊन पहिल्या बाकावर बसायचा. त्याची बायको नाइगागा कामुलीकडे गावी शेत बघायची. ती म्हणायची, "मी मेले तर निरोप त्या बाकावर धाडा. घरी हा सापडायचा नाही."

हॉल म्हणजे पत्र्याची शेड. समोर टीव्ही आणि टीव्हीशेजारी स्टूल. स्टुलावर माईक घेऊन ओपेंजुरू बसायचा. तो दुभाष्या. सिनेमे परदेशी, त्यातलं बोलणं आम्हाला कळायचं नाही. ओपेंजुरू टीव्हीचा आवाज बारीक करायचा आणि नायक, चोर, म्हातारी, पोलीस, अगदी कुत्रासुद्धा आमच्या भाषेत बोलायला लावायचा. तो स्वतः आमच्यातला नव्हता. नाईलपलीकडचा, दूर वायव्येचा, आलूर जमातीचा माणूस. आमची भाषा तो बाजारात शिकला होता. पण त्याच्या तोंडून आमच्याच शिव्या ऐकताना आम्हाला त्या नव्या वाटायच्या.

त्याची आणि किरुंदाची रोज जुंपायची.

"किरुंदा, डोकं खाली घे. मागच्यांना सिनेमा दिसू दे."

"मागच्यांनी लवकर यावं. मी चारपासून उठलोय."

"चारपासून उठलं की डोकं वाढतं होय? मग मी दहाला उठतो तेच बरं."

पडद्यावर नायकानं मोठा खोका उचलला की किरुंदा ओरडायचा, "रिकामा आहे तो! कंबर बघा त्याची, वाकलीसुद्धा नाही!" ओपेंजुरू लगेच नायकाच्या तोंडून सुनवायचा, "किरुंदा, तू ये इकडं उचलायला. मी बसतो तुझ्या बाकावर शेंगदाणे खात." हॉल हसून हसून आडवा व्हायचा.

किरुंदाला सिनेमात गोष्ट कशी आहे याचं फारसं नव्हतं. माणसानं काम किती केलं हे तो बघायचा. पडद्यावरच्या माणसानं, आणि स्टुलावरच्या माणसानंही. दुभाष्यानं एखादं वाक्य गिळलं तर त्याला परकी भाषा न कळताही ते कळायचं. "ती बाई एवढं लांब बोलली आणि तू दोन शब्दांत उरकलंस? बाकीचे कुठं ठेवलेस, खिशात?"

म्हणून वर्षाचा निकाल त्याच्याकडं आला. कुणी ठरवलं नाही, तसं होत गेलं. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी तो बाकावर उभा राहायचा आणि वर्षातले दोन सिनेमे सांगायचा. आवडता म्हणजे भरलेलं पोतं. नावडता म्हणजे भुशाचं पोतं. भरलेलं पोतं नांगोबीबाई नव्या वर्षाच्या दिवशी फुकट दाखवायची. भुशाचं पोतं हॉलमध्ये पुन्हा लागायचं नाही. तो निकाल ऐकायला सिनेमापेक्षा जास्त गर्दी व्हायची. लोक भांडायचे, पण निकाल बदलायचा नाही, कारण किरुंदानं कधी कुणाच्या भिडेनं वजन सांगितलेलं नव्हतं.

त्या वर्षी कंपालाहून नव्या डिस्क येऊ लागल्या. त्यांच्यात दुभाष्याचा आवाज आधीच भरलेला असायचा. डिस्क लावली की झालं, स्टुलावर माणूस नको. गावातल्या दोन हॉलनी आपले दुभाषे काढून टाकले. नांगोबीबाईही डिस्क घेऊन आली आणि सगळ्यांसमोर बोलली.

"ओपेंजुरू, तू माझ्याकडं खूप वर्षं आहेस. मी तुला असाच काढणार नाही. पण आता चूक चालायची नाही. वर्षअखेरीला किरुंदा काय म्हणतो ते बघू. तुझ्या कामामुळं एखादा सिनेमा भुशात गेला, तर या डिस्क लागतील."

"बाई, माझी भाकरी या हमालाच्या हातात देता?" ओपेंजुरू मान झुकवून म्हणाला. मग किरुंदाकडं वळला. "बघ बाबा, खरं वजन सांग. उगाच दया केलीस तर तुझ्या दारात येऊन गाईन. माझं गाणं तू ऐकलेलं नाहीस."

पावसाळ्यात 'बर्फातला बाप' आला. सिनेमाचं खरं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं, आम्ही असंच म्हणायचो. एक म्हातारा आजारी मुलाला पाठीवर घेऊन बर्फातून डोंगर ओलांडतो. एवढंच. ओपेंजुरूनं त्या बापाला जो आवाज दिला तो आम्ही आधी कधी ऐकला नव्हता. खरखरीत, तुटका, प्रत्येक शब्द खोल विहिरीतून ओढून काढावा तसा. बाप मुलाला म्हणतो, "झोपू नकोस रे, माझ्याशी बोल." हॉलमध्ये कुणी शेंगेचं टरफलही फोडलं नाही. किरुंदा रडला. मी त्याला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यानं ओपेंजुरूचा हात धरला. "असा आवाज कुठून काढलास रे?"

"घशात कोंबडीचं हाड अडकवून ठेवलं होतं," ओपेंजुरू म्हणाला.

"मस्करी नको. आज तू घाम गाळलास. असं काम मी पाहिलं नाही."

ओपेंजुरू हसला. त्या दिवसापासून तो आमच्याबरोबर पोशो खाईना. पातळ पेज मागायचा, घोट घोट प्यायचा. किरुंदा चिडवायचा, "लग्न ठरलंय का? नवरीसारखा पेजेवर आलास."

"नवरीला तरी कुणी विचारतं, काय हवं म्हणून," तो म्हणायचा आणि वाटी बाजूला ठेवायचा.

नोव्हेंबरात 'कोर्टातली आई' लागला. सगळा सिनेमा शेवटच्या साक्षीवर उभा होता. आई पिंजऱ्यात उभी राहते आणि आपल्या मुलाबद्दल खूप वेळ बोलते. तिथपर्यंत ओपेंजुरू ठीक होता, थोडा बारीक आवाजात. आई पिंजऱ्यात आली आणि तो थांबला. माईक तोंडाशी होता, ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मग त्यानं माईक मांडीवर ठेवला आणि आमच्यासारखाच पडद्याकडं बघत बसला. बाई परक्या भाषेत रडून बोलत राहिली. काय बोलली ते आम्हाला कधीच कळलं नाही.

लोक खवळले. "पैसे परत दे!" "झोपलास काय?" "ए दुभाष्या, आईला जीभ दे!" कुणीतरी केळीचं साल फेकलं, ते त्याच्या खांद्याला लागून पडलं. त्यानं ते उचलून खिशात ठेवलं.  किरुंदा उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी चढ उतरताना मी त्याला म्हणालो, "त्याचा आवाज बसला असेल."

"मग आधी सांगायचं. सिनेमा दुसरा लावला असता. नाहीतर मी उभा राहून सांगितलं असतं, आज याचा घसा बरा नाही. ज्याला झेपत नाही तो खांदा मागतो. यानं चढावर टाकलं."

"त्याची जागा जाईल, किरुंदा."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय? माझ्या मित्राचं पोतं म्हणून भुसा धान्य होतो का?"

त्यानंतर कितीतरी दिवस तो नीट जेवला नाही. पण मत बदललं नाही.

शेवटच्या रविवारी हॉल भरून बाहेरपर्यंत लोक उभे होते. ओपेंजुरू स्टुलावर बसला होता, गळ्याला जाड रुमाल गुंडाळून. आमच्याकडं डिसेंबरात ऊन तापतं. तो रुमाल आम्ही सगळ्यांनी पाहिला, आणि कुणीही त्याचा विचार केला नाही.

किरुंदा बाकावर चढला. "भरलेलं पोतं, 'बर्फातला बाप'. त्यात दुभाष्यानं जेवढं काम केलं तेवढं मी या हॉलमध्ये कुणाला करताना पाहिलं नाही."

टाळ्या पडल्या. तो टाळ्या संपेपर्यंत थांबला.

"भुशाचं पोतं, 'कोर्टातली आई'. सिनेमा चांगला असेल. मला माहीत नाही. जिथं वजन सगळ्यांत जास्त होतं तिथं दुभाष्यानं ते टाकलं."

 ओपेंजुरू उठला. त्यानं माईक नांगोबीबाईच्या हातात दिला, वायर नीट गुंडाळून. किरुंदासमोरून जाताना त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, एखादं चांगलं पोतं चाचपावं तसा, आणि बाहेर गेला.

नव्या वर्षात डिस्क लागल्या. आवाज स्वच्छ होता, एक शब्द सुटत नव्हता. पण त्या आवाजाला किरुंदाचं डोकं दिसत नव्हतं. पहिल्याच सिनेमात नायकानं खोका उचलला, किरुंदानं "रिकामा आहे!" म्हणून आरोळी दिली, आणि समोरून काहीच आलं नाही. नायक आपला बोलत राहिला. किरुंदा सिनेमा अर्धा टाकून उठला आणि थेट ओपेंजुरूच्या खोलीवर गेला. मी मागून गेलो.

ओपेंजुरू चटईवर पडला होता. रुमाल सोडलेला होता. मानेच्या बाजूला मुठीएवढी गाठ होती. खोलीत पेजेचा आंबूस वास होता. आम्ही कान त्याच्या तोंडाशी नेले तेव्हा बोलणं कळलं.

इस्पितळात त्याला पावसाळ्याआधीच सांगितलं होतं. घशात रोग आहे, लवकर कंपालाला जा, कापावं लागेल, आवाज राहीलच असं नाही. तो गेला नाही. आवाज गेलेल्या दुभाष्याला कोण ठेवणार? म्हणून तो गप्प राहिला आणि होता तेवढा आवाज वापरत राहिला. 'बर्फातला बाप'मधली ती खरखर त्याच गाठीची होती. 'कोर्टातली आई'मधली शांतताही तिचीच.

किरुंदा भिंतीला टेकला. ज्या कामाला त्यानं घाम म्हटलं ते दुखणं होतं. ज्याला कामचुकारपणा म्हटलं तेही दुखणंच.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला. "एक शब्द. खांदा दिला असता."

ओपेंजुरूनं त्याला खाली बसायची खूण केली. "सांगितलं असतं तर तू खोटं बोलला असतास."

"बोललो असतो! शंभरदा बोललो असतो!"

"मग माझं भरलेलं पोतंही खोटं ठरलं असतं," ओपेंजुरू कुजबुजला. "ते मला खरं हवं होतं."

त्यानंतर किरुंदा पहाटे चारच्या आधी आणि काम सुटल्यावर तिथंच असायचा. पेज करायचा, चटई धुवायचा, त्याला पाठीवर घेऊन इस्पितळात न्यायचा. कंपालातल्या डॉक्टरांनी गाठ पाहून नकारार्थी मान हलवली. तिथून परत येताना ओपेंजुरू टॅक्सीच्या खिडकीला डोकं टेकून बसला आणि किरुंदा बाहेर दिसेल ते त्याला सांगत होता. उसाचा ट्रक, भांडणारी बाई, सायकलवरचं डुक्कर. त्याला ते जमत नव्हतं. मध्येच शब्द सुटायचे. ओपेंजुरू डोळे मिटून ऐकायचा आणि शब्द सुटला की बोट उचलायचा.

एप्रिलात तो गेला. दुपारी, किरुंदा पेज गाळत असताना.

शेजारी म्हणाले, नगरपालिकेच्या जागेत पुरू. त्याचं इथं कोण आहे, आणि त्याचं गाव कुठं! किरुंदा म्हणाला, "माणसाला त्याच्या घरच्या अंगणात पुरतात. तो काय रस्त्यावर सापडलाय?" त्याच्याकडं गावच्या घरावर पत्रे घालायला साठवलेली मजुरी होती. नाइगागा दर पावसाळ्यात गळक्या गवताखाली भांडी मांडून बसायची. तो आधी तिला भेटायला गेला, विचारायला. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "गवत मी पुन्हा शाकारीन. तू जा. नाहीतर इथं बसून माझंच डोकं खाशील."

पिकअपमध्ये पेटी ठेवून आम्ही गेलो. पाकवाचला नाईल ओलांडली, तेव्हा पलीकडची भाषा आम्हाला कळेनाशी झाली. ओपेंजुरूची म्हातारी आई अंगणात बसली होती. मुलगा जिंजात काय काम करायचा हे तिला माहीत नव्हतं. किरुंदा पेटीशेजारी उभा राहून बोलला. बर्फातल्या बापाबद्दल बोलला, त्या आवाजाबद्दल बोलला, सगळा हॉल कसा गप्प झाला ते सांगितलं. पुष्कळ वेळ बोलला. तिथल्या शाळेतल्या मास्तरांनी ते आलूरमध्ये दोन वाक्यांत सांगितलं. आईनं मान हलवली. किरुंदानं मास्तरांकडं पाहिलं, पण बाकीचे शब्द कुठं गेले ते विचारलं नाही.

पुढच्या डिसेंबरात लोकांनी त्याला बाकावर चढायला सांगितलं. तो चढला नाही. त्यानंतर कधीच चढला नाही.

कामुलीच्या घरावर पत्रे आले नाहीत. त्या मजुरीतून पेटी झाली, गाडी आणि तेल झालं, आणि ओपेंजुरूच्या कबरीवर घालायला सिमेंट आलं. पुरलं त्या दिवशी सिमेंट त्यानं दुसऱ्या कुणाला कालवू दिलं नाही. वाळू स्वतः चाळली, पाणी बेतानं घातलं आणि थर सारखा होईपर्यंत गुडघ्यांवर बसून थापीनं ओढत राहिला.