देवाला घाई लावली ते साल

नऊ वर्षांची असताना माझं एक ठाम मत होतं, की देवाला कामाची सवय नाही. हे मत मी कोणाला विचारून बनवलं नव्हतं. तेव्हा मी कोणालाच काही विचारत नसे, कारण सगळं मलाच माहीत असायचं. आता ऐंशी ओलांडली, पण तेवढं शहाणपण पुन्हा काही जमलं नाही.

आमचं गाव अहेरीपासून बैलगाडीनं एका दिवसाच्या वाटेवर, जंगलात रुतून बसलेलं. तेव्हा तो सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच मोडायचा. धानाची थोडी शेती, आणि बाकीचं पोट जंगलाच्या भरवशावर. त्या साली पौषात बाबा लाकूडतोडीच्या कामावर गेले आणि एक ओंडका त्यांच्या पायावरून घरंगळत गेला. हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला आणि बजावलं, की होळी होऊन जाईपर्यंत हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. झालं. कमावणारा माणूस खाटेवर, आणि खाणारी तोंडं पाच: माय, बाबा, मी आणि माझ्या दोन धाकट्या बहिणी.

फाल्गुन लागला तेव्हा कणगीत हात घातला की आधी तळ लागायचा, मग धान. माय मूठभर तांदळाची पेज करायची. ती इतकी पातळ असायची, की ताटलीत आपलंच तोंड दिसायचं. मला माझं तोंड फारसं आवडत नव्हतं, म्हणून मी ती एका दमात पिऊन टाकायची.

सगळी आशा आता बांधावरच्या मोहाच्या झाडावर होती. मोहाची फुलं सुकवून अहेरीच्या बाजारात नेली, की बदल्यात तांदूळ आणि मीठ मिळायचं. नाही नेली तर शिजवून खाता यायची. पण मोहाची एक रीत आहे, ती आमच्याकडे चालायला लागलेलं पोरही जाणतं. मोह तोडायचा नाही, झोडपायचा नाही, हलवायचा नाही. तो वेचायचा. फूल तयार झालं की पहाटे आपलं आपण खाली पडतं. आपण फक्त झाडाखालचा पालापाचोळा काढून जागा साफ ठेवायची आणि वाट पाहायची. मायनं ती जागा अशी झाडून ठेवली होती, की पंगत बसवावी. पाहुणे तेवढे येत नव्हते.

गावातले बाकीचे मोह गळायला लागले. आमच्या शेजारी एक गोंड म्हातारी राहायची, तिला आम्ही पोरी आजीच म्हणायचो. तिच्या झाडाखाली सकाळी फुलांचा सडा. आणि आमच्या झाडावर हिरव्या कळ्या, मुठी आवळून बसलेल्या. मी मायला रोज विचारायची, आपला मोह काऊन पडत नाही. माय रोज एकच सांगायची.

"देवाची वेळ असते, पोरी. तो देते. पण आपल्या घाईनं नाई देत."

मला हे पटत नव्हतं. मी आपल्या परीनं विचार करून शोध लावला होता, की देव गावच्या कोतवालासारखा घरोघर फिरतो. आमचं घर गावाच्या टोकाला. म्हणजे पाळी शेवटी येणार, आणि हा बहुतेक वाटेत कोणाच्या तरी ओसरीवर गप्पा हाणत बसला असणार. किंवा वाट चुकला असणार. म्हणून मी गावाबाहेरच्या शेंदूर लावलेल्या दगडापुढे जाऊन त्याला आमच्या बांधाची वाट नीट समजावून सांगितली. आधी नाला, मग वारूळ, वारुळापासून उजवीकडे वळलं की मोह. चुकू नये म्हणून दोनदा सांगितली. त्यानंतर दोन दिवस थांबले. देवाला दोन दिवस ही त्या वयात मी दाखवलेली सगळ्यात मोठी सबुरी होती.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, की देव आता म्हातारा झाला, त्याला कोणीतरी हातभार लावायला हवा.

भर दुपारी माय सरपणाला गेली होती आणि बाबांचा डोळा लागला होता. मी टोपलं घेऊन बांधावर गेले आणि मोहावर चढले. झाडावर चढण्यात गावात माझा हात कोणी धरत नसे. उगवतीच्या बाजूच्या फांद्यांवर उभी राहून मी अशी नाचले, की अंगात आल्यासारखी. खाली कळ्यांचा पाऊस. मी वरून देवाला सांगत होते, की बघ, इतकं सोपं असतं. मग मी मावळतीच्या फांदीवर हात टाकला. तिथं पानं चिकटवून लाल मुंग्यांनी घर केलेलं होतं. त्या माझ्या पोलक्यात शिरल्या आणि मी झाडावरून कशी उतरले ते मला आजही सांगता येणार नाही. उतरले की पडले, त्यावर दुमत आहे. त्या मुंग्या नसत्या तर मी अख्खं झाड रिकामं करून घरी आले असते.

माय आली तेव्हा मी सुजलेल्या मानेनं, भरल्या टोपल्याजवळ ऐटीत बसले होते. म्हटलं, घे, देवानं पाठवला. मायनं एक कळी उचलली, नखानं चिरली, आत पाहिलं. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. तो बसला नाही. तिनं फक्त विचारलं, किती फांद्या. मी हातानं अर्धं झाड दाखवलं. ती उंबऱ्यावर बसली आणि ती चिरलेली कळी बोटांत फिरवत राहिली. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"भूक लागली होती, हे मले समजते," ती शेवटी म्हणाली. "पण ज्या फांदीवर तू नाचली, तिथं आता पुढच्या सालापर्यंत काही नाई."

म्हणजे जे काही आमच्या घरात येणार होतं, त्यातलं निम्मं मी एका दुपारी खाली पाडलं होतं. त्या कळ्या मायनं शिजवून पाहिल्या. बहिणींनी थुंकून टाकल्या. सुकवून पाहिल्या, तर त्यांचे मिऱ्यांएवढे खडे झाले. शेवटी बकरीपुढे टाकल्या. बकरीनं हुंगल्या, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली. बाबांना मायनं यातलं काही कळू दिलं नाही. पडून असलेल्या माणसाला आणखी काळजी कशाला, असं ती म्हणाली. मला मात्र वाटलं, की ती मलाच वाचवते आहे. दोन्ही खरं असेल.

शेजारच्या आजीपासून काही लपत नसे. ती आली, सगळं ऐकलं आणि खोकला लागेपर्यंत हसली. मग घरी जाऊन सूपभर मोहफुलं घेऊन आली.

"ठेव, बाई," ती मायला म्हणाली. "माह्या देवाची बैलबंडी आली. तुह्या देवाची मागं राह्यली असंल."

पुढचे काही दिवस आम्ही तिचा मोह शिजवून खाल्ला. मी अपराधी होते, म्हणून मान खाली घालून खात असे. पण खात मात्र सगळ्यांत जास्त असे.

होळी झाली तरी आमच्या उरलेल्या अर्ध्या झाडाच्या मुठी सुटल्या नव्हत्या. आणि मग आभाळ आलं. अवेळी पाऊस लागला, तो दोन दिवस हटला नाही. गावभर अंगणात सुकत घातलेला मोह भिजला, काळा पडला, त्याला आंबूस वास सुटला. तो खाऊन बकऱ्या झिंगल्या आणि एकमेकींना टेकून उभ्या राहू लागल्या. पोरं त्यांच्याभोवती नाचत होती, मोठी माणसं डोक्याला हात लावून बसली होती. शेजारच्या आजीचं सगळं गेलं.

ऊन पडलं आणि चौथ्या पहाटे आमचा मोह गळायला लागला. रोज टोपलंभर, कधी दोन. मायच्या मागोमाग मी वाकून वाकून वेचत होते, आणि माझ्यातली शहाणी पुन्हा जागी झाली. मी मोठ्यानं म्हटलं, की देवानं आपल्यासाठी साऱ्या गावाचा मोह भिजवला.

झाड हलवलं तेव्हा जो धपाटा राहिला होता, तो आत्ता बसला.

"देव एकाचं भिजवून दुसऱ्याचं सुकवत नाई," माय म्हणाली. "आपलं उशिरा आलं, म्हणून आज द्याले तरी हाय. चाल, हे टोपलं आजीच्या घरी नेऊन दे."

मी नेलं. दुसऱ्या दिवशीही नेलं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आता तिचं सूप फिटलं की. मायनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी चौथ्या दिवशीही नेलं.

त्याच आठवड्यात म्हाताऱ्यानं बाबांच्या कामट्या सोडल्या. बाबा काठीवर भार देत, दर दहा पावलांना थांबत, बांधापर्यंत चालत आले. घाम पुसला आणि वर पाहिलं. मावळतीला झाड फुलांनी लगडलेलं आणि उगवतीला नुसतं आभाळ. त्यांनी झाडाला एक चक्कर मारली. मी मायच्या मागं सरकले.

"काऊन वो," ते मायला म्हणाले, "या बाजूले देव आला नाई का?"

मायनं वेचता वेचता मानही वर केली नाही.

"येऊन राह्यला होता जी. वाटेत तुमच्या पोरीनं गाठला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. ते दुखरा पाय सरळ लांब करून झाडाखाली बसले आणि हाताच्या टप्प्यात येतील तेवढी फुलं वेचून मांडीवरच्या पंच्यात टाकू लागले. टप्प्यातली संपली की थांबायचे. वरून एखादं पडलं की पुन्हा उचलायचे. त्यांच्याशेजारी बसून मीही तशीच वाट पाहायला लागले. वर बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. बघितलंच. पण हात पाठीमागं धरून.