आबांच्या सुंबरानासाठी कॉम्प्युटर

अवसरी बुद्रुकचा पप्पू गाणी करायचा, तीही बैलांची. बैलगाडा शर्यतीच्या घाटात बारी जिंकली की गाडामालकाला आपल्या बैलाच्या नावाचं गाणं हवं असतं, आणि ते उद्या नाही, आजच हवं असतं. पप्पू ओट्यावर मांडी घालून बसायचा, टॅबलेटच्या काचेवर बोटांनी ढोल बडवायचा आणि बैलाची अशी काही तारीफ करायचा की बैलालाही संकोच वाटावा. टॅबलेटवर त्याचं झकास चाललं होतं. कॉम्प्युटर घ्यायची वेळ त्याच्यावर बैलांनी आणली नाही, बापाच्या घशाने आणली.

बाप म्हणजे म्हस्कूआबा. तरुणपणी मेंढरांमागे कोकणापर्यंत चालत जाऊन आलेला माणूस, आणि सुंबरान मांडावं तर त्यांनीच. सुंबरान म्हणजे ढोलाच्या तालावर गायची देवाची कथा. त्यांच्या घराण्याच्या चालीतली बिरोबाची सगळी कथा आता एकट्या आबांनाच येत होती. पप्पूने ती शिकायची तसदी कधी घेतली नाही. आबा आहेतच की, असं त्याला वाटायचं.

मग आबांचा घसा बसला, तो सुटेचना. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. आबा जगतील, आवाज मात्र जाईल. पप्पू दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडला.

घरी आल्या आल्या त्याने टॅबलेट समोर ठेवून आबांना गायला बसवलं. चुलते गेणभाऊ ढोल घेऊन आले. कथा रंगात आली, कथेतली मेंढरं ओढ्यापाशी पोचली, आणि टॅबलेट तापून बंद पडला. पप्पू घाबराघुबरा होऊन ओरडला, “आबा, थांबा थांबा!” आणि आबा थांबले.

गेणभाऊंचा हात ढोलावरच राहिला. मांडलेलं सुंबरान मधे मोडत नाहीत, हे धनगराच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

“द्येवापुढं मांडल्यालं मोडाया लावलंस व्हय रं?” आबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. “आता येकदाच गाईन. घशात तेवढंच उरलंय. मधी थांबणार न्हाई असं मशीन आण, मगच बसंन.”

पप्पू तडक जुन्नरला दानियालच्या दुकानात गेला. दानियाल कॉम्प्युटर विकायचा, दुरुस्तही करायचा, आणि माणूस सरळ होता. त्याने एक लॅपटॉप पुढे सरकवला. “पप्पूभाऊ, हा घेऊन जा. लाइट गेली तरी बॅटरी हाये. आबांचं गाणं आरामात होईल, बघा.”

पप्पूने लॅपटॉपला कान लावला. आत पंखा घुमत होता. हा आवाज माइकात येणार! शिवाय टॅबलेटमधली त्याची जुनी गाणी ह्यात उघडणार नव्हती, त्यांना त्याच कंपनीचं मशीन लागत होतं. “बघतो,” म्हणून तो निघाला. तिथेच त्याचं चुकलं.

पुण्यात एका दुकानदाराने त्याला डब्यासारखा छोटा कॉम्प्युटर दाखवला. अगदी मुका, जुनी गाणीही उघडणारा. पण त्याला बॅटरी नाही, आणि अवसरीची लाइट कधी जाईल ते वायरमनलाही सांगता येत नाही. मग इन्व्हर्टरची चौकशी झाली. मग त्याच कंपनीचा लॅपटॉप पाहिला, तर त्यात जागा कमी. मग व्हिडिओ बघणं सुरू झालं. एक म्हणे आठ जीबी रॅम भरपूर झाली, दुसरा म्हणे सोळाच्या खाली घेऊच नका. पप्पूच्या डोक्याचा पार भुगा झाला. लोक सोयरीक जुळवतानाही इतकी चौकशी करत नाहीत हो!

“आरं, कायबी आण, पर आण,” आई बानूबाई काकुळतीला येऊन म्हणायची. “त्येंचा आवाज रोज आत आत चाललाय.”

ते पप्पूला दिसत नव्हतं असं नाही. सकाळी आबा शेरडांना हाळी द्यायचे, ती आधी रस्त्यापर्यंत जायची, मग अंगणापर्यंत, मग शेरडंसुद्धा मान वर करेनात. पण आपण आणलेलं मशीन पुन्हा मधेच बंद पडलं तर? त्या भीतीने त्याचं बोट कशावरच ठरेना.

शेवटी ऑपरेशनची तारीख तोंडावर आली. पप्पू धापा टाकत दानियालकडे गेला आणि पहिल्या दिवशी पाहिलेला तोच लॅपटॉप घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पूने माइक आणि लॅपटॉपच्या मधे घोंगडी टांगली, आणि पंख्याचा आवाज नाहीसा झाला. एका घोंगडीचं काम होतं. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

आबांनी भंडारा कपाळी लावला आणि सुंबरान मांडलं. आवाज चिरकत होता, पण चाल तीच. मधेच लाइट गेली. लॅपटॉप चालूच राहिला. मेंढरं ओढ्यापाशी आली, ओढा ओलांडून पलीकडे गेली, आणि आबांचा आवाज तुटला. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा आली.

गेणभाऊ ताल धरून राहिले. बानूबाईने तोंडाला पदर लावला. पप्पूने पुढची ओळ उचलायला तोंड उघडलं, पण उचलणार काय? टॅबलेट बंद पडेपर्यंत त्यात उतरलेलं तेवढं पुन्हा पुन्हा ऐकून त्याला ओढ्यापर्यंतची कथा पाठ झाली होती. पलीकडचं एक अक्षर येत नव्हतं. त्याचा हात रेकॉर्डिंग बंद करायला गेला.

आबांनी तो हात धरला. पप्पूची मान ओढून त्याचा कान आपल्या ओठांशी नेला आणि पुढची ओळ कुजबुजत सांगितली. पप्पू रडत रडत ती गायला. मग त्याच्या पुढची. चाल चुकली की आबा त्याच्या पाठीवर बोटांनी ताल द्यायचे.

कथा पुरी झाली. लॅपटॉप शेवटपर्यंत थांबला नाही. ओढ्याच्या पुढे त्यात आबांचा आवाज नाही. पप्पूचाच आहे, बेसूर आणि रडका, आणि प्रत्येक ओळीच्या आधी आबांचा श्वास.