पद्मक्कांचं बोलावणं

देगलूरच्या आमच्या गल्लीत दारोदार कमळाची नाहीतर ठिपक्यांची रांगोळी असायची. पद्मक्कांच्या दारात कमान. दोन्हीकडे खांब, वर आडवी शिळा, टोकांवर हंस. लग्न होऊन मी शेजारी राहायला आले तेव्हा विचारलं, "अक्का, हे कुठलं देऊळ?"

"देऊळ न्हाई. ते कवाच पडलं. आमच्या वरंगलच्या किल्ल्यात नुसत्या कमानी उभ्या हाईत." सांगताना तोरा असा, जणू त्या कमानी त्यांच्या वडिलांनीच बांधल्या होत्या.

वरंगलचं सगळंच त्यांना थोर. चिंच आंबट तिथलीच, उन्हाळासुद्धा खरा तिथलाच. त्यांचे यजमान गणिताचे शिक्षक. सर चिडवायचे, "तुझ्या त्या हजार खांबांच्या देवळात हजार खांब भरत न्हाईत, मी मोजून आलोय." मग दिवसभर सरांना चहा मिळायचा नाही.

पितृपक्ष संपत आला की मात्र अक्कांची ही बढाई बंद व्हायची. तिकडे सर्वपित्रीपासून नऊ दिवस बतुकम्मा असते. तरवडाची पिवळी फुलं आणि रंगवलेले कुर्डूचे तुरे ताटात थरावर थर रचायचे, वर हळदीची गौर बसवायची, भोवती बायकांनी टाळ्या वाजवत फेर धरायचा आणि शेवटी ती फुलांची बतुकम्मा तळ्यात सोडायची. सण लेकींचा. सासरी गेलेल्या लेकीला माहेरचं माणूस येऊन घेऊन जातं. अक्कांचा भाऊ होता तोवर येत राहिला. तो वारला आणि घ्यायला येणं थांबलं. तरी सर्वपित्री अमावास्येला त्यांची पिशवी भरलेली असायची.

भाचा, त्या भावाचा मुलगा, दरवर्षी फोन करायचा. आत्याला तो अत्तम्मा म्हणे. त्या त्याच्याशी गोड बोलायच्या आणि फोन ठेवून कणीक मळायला बसायच्या.

"अक्का, बोलावलं की त्यानं," मी म्हणायची.

"फोनवर खबर देतेत. बोलावणं दारात येऊन करतेत."

"मग त्याला तसं सांगा."

"मागून घेतलं तर ते बोलावणं कशाचं? तू बी सांगू नको. माझी शपथ हाय."

सर म्हणायचे, "निजामाबादला बस बदलली की झालं. चल, मी येतो."

"तुमच्यासंगं गेले तर पाव्हणी होईन."

नवव्या, शेवटच्या दिवशी पिशवी उघडायची. त्यातली साडी नेसून अक्का गल्लीतच बतुकम्मा रचायच्या आणि आम्हा बायकांना दटावून शिकवायच्या. "दाबून लाव गं. मधी पोकळ राहिलं की पाण्यात बसतंय." आम्ही हौसेनं फेर धरायचो. त्या टाळ्या वाजवायच्या, पण लक्ष रस्त्याकडे असायचं.

गेल्या वर्षी अमावास्येला पिशवी भरली आणि दोनच दिवसांनी अक्का झोपेत गेल्या. सरांनी वरंगलला फोन केला. अखेरची साडी माहेरच्या माणसानंच घालायची असते. दुपारी भाचा गाडी घेऊन आला. आमच्या गल्लीत पहिल्यांदाच. तो त्यांच्या उशाशी बसून रडत होता.

"हर साल बुलाया मैं. अत्तम्माच नै आए. मैं समझा, इदरीच दिल लग गया."

शपथ आता सुटली होती. खुंटीवरची पिशवी दाखवून मी त्याला सगळं सांगितलं. त्याला कुणी असं कधी सांगितलंच नव्हतं, त्याचा तरी काय दोष? एवढ्याशा गोष्टीसाठी एक बाई माहेराला मुकली, याचा राग कुणावर काढावा हे मला अजून कळत नाही.

तो ऐकून उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं, मोकळं रडायला गेला असेल. दारात अक्कांनी आदल्या दिवशी काढलेली कमान माणसांच्या पायांनी अर्धी पुसली होती. तिच्या पलीकडे तो उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अत्तम्मा, पोदाम रा." म्हणजे, आत्या, चल, जाऊ या.

सर भिंतीला टेकून बसले होते. ते उठले, खुंटीवरची पिशवी काढली आणि त्याच्या हातात दिली.